चिमाबाईचं पाणी

सर्व्हर जातो म्हणजे मरत नाही, हे मला त्या ऑफिसात शेवटपर्यंत कुणाला पटवता आलं नाही. दुपारी बाराच्या सुमारास डिस्पॅचच्या टेबलावरून सुजाता ओरडायची, "गेला!" आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या, माझ्याच घरातलं कुणी गेल्यासारख्या. मी चिडून सांगायचो, अहो, सर्व्हर धडधाकट आहे, फक्त त्याचं तुमच्याशी बोलणं तुटलंय. ऐकतो कोण? "गेला" हाच शब्द रुळला. तो शब्द कानावर पडला की झाडू घेऊन दाराशी असलेली एक बाई जागच्या जागी थिजायची, हे माझ्या लक्षात यायला दीड महिना लागला.

ती चिमाबाई. तिला त्या ऑफिसकडून एकच गोष्ट हवी होती. रोज दुपारी बाराला ऑफिसमागच्या बोळात दोन हंडे पाणी ओतू द्यावं, बस. ते मी बंद पाडलं. त्याचीच ही हकिगत आहे, आणि ती सांगताना स्वतःची बाजू घ्यायला मला फारशी जागा नाही.

मी नाशिकहून सिल्वासाला आलो तो १९९३च्या जुलैत. सामरवरणीच्या रस्त्यावर आमची धाग्याची कंपनी होती. मागे शेडमध्ये यंत्रं रात्रंदिवस धागा पिळायची आणि पुढे चार खोल्यांचं ऑफिस. त्या ऑफिसात पाच कॉम्प्युटर जोडून द्यायचे आणि सांभाळायचे हे माझं काम. सव्वीस वर्षांचा होतो. कॉम्प्युटर शिकलेल्या माणसाला लोक घाबरतात अशी माझी समजूत होती, आणि त्या काळी खरंच घाबरायचे. आमचे मॅनेजर वशीसाहेब वलसाडकडचे, साठीला आलेले. तेसुद्धा माझ्याशी बोलताना आवाज खाली आणायचे.

सर्व्हरसाठी मला मागच्या बाजूची जुनी स्टोअररूम मिळाली. तिला एसी बसवला, फरशी घातली आणि दारावर पाटी लावली, "पादत्राणे बाहेर काढावीत". तेव्हा सगळीकडेच ही पद्धत होती. धूळ जाऊ नये म्हणून. चिमाबाई पहिल्या दिवशी दारात चपला काढून उभी राहिली आणि आत वाकून बघायला लागली. काळ्या पडद्यावर लाल ठोकळ्यांचा एक साप फिरत होता. सर्व्हरला कुणी हात लावला नाही की तो साप आपोआप येऊन फिरायला लागायचा. कामाचा भार वाढला की जोरात पळायचा. चिमाबाईने हात जोडले.

"अहो, तो देव नाहीये," मी म्हटलं.

"असू द्या," ती म्हणाली. "चपला काढून जातात ना आत? मग देवघरच ते."

चाळिशीची, उंच, हाडापेराची. साक्रीकडची. पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि तोंडात दिवसाकाठी दहा शब्द. काम इतकं चोख, की माझ्या टेबलावरचे कागद पुसून झाल्यावर जसे होते तसेच तिरपे ठेवायची. पण तिची एक तऱ्हा होती. ती विजेच्या बटणाला हात लावत नसे. पंखा लावायचा तर झाडूच्या दांड्याने, लांबून, डोळे बारीक करून. कॉम्प्युटर पुसताना श्वास रोखून धरायची आणि फडकं पुरेल तितकं हात लांब करून पुसायची. मला गंमत वाटायची. मी सुजाताला एकदा तिची नक्कल करूनही दाखवली होती. सुजाता हसली नाही. "तिचा नवरा शॉक लागून गेला," ती म्हणाली, "याच कंपनीत." तेव्हा मी ओशाळलो, पण तेवढंच. कसा गेला, कुठे गेला, काही विचारलं नाही.

दिवाळीनंतर सर्व्हरच्या मागच्या भिंतीवर ओल दिसायला लागली. आधी तळहाताएवढी, मग सुपाएवढी. पाऊस संपून महिना झालेला. म्हणून मी मागे जाऊन पाहिलं. ऑफिसची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये तीन-चार हात रुंद बोळ होता, आणि भिंतीलगत सिमेंटच्या चौकटीत जमिनीतून एक लोखंडी पाइप वर आलेला. पाइपाच्या तोंडात पत्र्याचं नरसाळं. चिमाबाई त्या नरसाळ्यात हंड्याने पाणी ओतत होती. हळूहळू, धार मोडू न देता. पाइपातून गट गट आवाज येत होता. पाणी नरसाळ्याच्या काठाशी येऊन उभं राहिलं तशी ती थांबली, ओल्या हाताने काठ पुसला, आणि काहीतरी पुटपुटली.

"चिमाबाई, हे काय चाललंय?"

ती दचकली. "काही नाही साहेब. पाणी टाकते."

"पण कशाला?"

ती हंडा उचलून माझ्या अंगाला अंग लागू न देता निघून गेली.

आता खरं सांगायचं तर तो पाइप अर्थिंगचा होता हे मला दिसत होतं. मी काही अगदीच आंधळा नव्हतो. पण अर्थिंगला पाणी लागतं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि विजेच्या वस्तूजवळ पाणी म्हणजे वाईट, एवढं एकच गणित डोक्यात पक्कं होतं. शिवाय तिचं ते पुटपुटणं. मला वाटलं, अंधश्रद्धा, आणि तीही माझ्या सर्व्हरच्या उशाशी! मी तडक टेबलावर आलो आणि वशीसाहेबांना इंग्रजीत कागद लिहिला. सर्व्हर रूममागे रोज पाणी ओतलं जातं, भिंत ओली होते, यंत्राला आणि माणसांना धोका आहे, तातडीने बंदोबस्त व्हावा. छान भाषा साधली होती. दोनदा वाचून स्वतःवरच खूश झालो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोळाला लोखंडी दार बसलं. कुलपाची चावी माझ्याकडे आली, कारण दार माझ्या सर्व्हरसाठी होतं.

दुसऱ्या दिवशी बाराला चिमाबाई माझ्या टेबलासमोर. डोक्यावर हंडा तसाच.

"साहेब, चावी देता का?"

"नाही देता येत. वशीसाहेबांचा हुकूम आहे."

हुकूम वशीसाहेबांचा होता, यात खोटं काहीच नव्हतं. अशी सोयीची खरी वाक्यं मला तेव्हा पटकन सुचायची.

"एकच हंडा, साहेब. आत पाऊल नाही ठेवत. दारातून टाकते."

"चिमाबाई, नाही म्हणजे नाही."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. तिसऱ्या दिवशी परत आली. मग रोजच. बारा वाजले की हंडा, चावी, नाही, बरं. संक्रांतीपर्यंत हे चाललं. नंतर तिने विचारणं सोडलं, पण बाराला ती ऑफिसच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. तिथून गजांतून पाइपाचं तोंड दिसायचं. हात रिकामे. भिंतीवरची ओल वाळली आणि मी ती जागा पांढरी करून घेतली.

मार्चअखेर सुजाता पहिल्यांदा ओरडली, "गेला!"

मी धावलो. सर्व्हर चालू. लाल साप निवांत फिरतोय. पण पाचातल्या एकाही कॉम्प्युटरला तो सापडेना. वीस मिनिटांनी आपोआप सगळं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाराला, सव्वाबाराला. कधी तासभर. सर्व्हर बंद म्हणजे गेटपास नाही. कुठल्या यंत्राचा कुठला धागा कुठल्या पेटीत गेला ते सगळं त्याच्या पोटात होतं, म्हणून भरलेले ट्रक फाटकाशी उन्हात उभे आणि ड्रायव्हर माझ्या नावाने खडे फोडतायत.

त्या काळी केबल एकच असायची. टीव्हीच्या अँटेनाला असते तशी काळी, आतून तारेच्या जाळीची. ती एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी खोल्याखोल्यांतून फिरायची, आणि दोन्ही टोकांना पेरभर पितळी टोपणं बसवलेली असायची. एक सांधा ढिला झाला की सगळ्यांचंच बोलणं बंद. मी सगळे सांधे नवे केले. टोपणं बदलली. केबल मध्ये तोडून अर्धी बाजूला काढली, उरलेल्या अर्धीवर चालवून पाहिलं, मग उलट करून पाहिलं. सकाळी दोन्ही बाजू ठणठणीत. बाराला सर्व्हर ज्या बाजूला असेल ती बाजू जायची. म्हणजे दुखणं सर्व्हरच्याच खोलीत. आतलं कार्ड बदललं. मुंबईहून इंजिनीअर आला, त्याने दुसरं कार्ड घातलं आणि वापीची गाडी गाठायला पळाला. आठ दिवस बरं चाललं. नवव्या दिवशी बाराला "गेला!" आणि या वेळी ते कार्ड जळालेलंच निघालं.

एप्रिलमध्ये आणखी एक सुरू झालं. सुजाता म्हणाली, "कॉम्प्युटरला हात लावला की कुणीतरी बोटं धरल्यासारखं वाटतं." मी हसलो. मग स्टोअरच्या मंगलाबाईंना तसं वाटलं. मग शिपायाला. दुपारीच वाटायचं, सकाळी नाही. मंगलाबाई आठ वर्षं जुन्या. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत हळूच सांगितलं, की चिमाबाईचा नवरा सुकदेव बाराच्या टायमालाच गेला होता. मागच्या बोळातच पडला होता. त्या दिवसापासून बारा वाजले की ऑफिसात कुणी कुणाशी बोलेनासं झालं. मी मोठमोठ्याने शास्त्र सांगायचो, आणि कॉम्प्युटरला हात लावायची वेळ आली की मीसुद्धा आधी बोटाची मागची बाजू लावून पाहायचो. कबूल करायला लाज वाटते, पण एकदा बाराला मी एकटाच सर्व्हरच्या खोलीत होतो. एसीची घरघर, तो लाल साप, आणि दाराच्या फटीतून दिसणारं, मागच्या खिडकीशी उभ्या चिमाबाईचं तोंड. मी अनवाणीच बाहेर पळालो.

चिमाबाईला विचारलं तर तिने साधं उत्तर दिलं. "त्याले तहान लागली, साहेब. दुसरं काही नाही."

ही गोष्ट वशीसाहेबांच्या कानावर गेली तेव्हा ते उखडले. भुताच्या गोष्टींनी कामगार पळतात, हे त्यांनी आधी एका कंपनीत पाहिलेलं. मे महिन्याच्या एका शुक्रवारी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "नंदकुमारभाई, सोमवारे मिस्त्री आवे छे. तो पाइप कापून टाकायचा, वर सिमेंट. अने ए बाईने गलोंडाच्या गोडाऊनवर पाठवू. बस, वात खतम."

मी मान डोलावली. बाहेर ऑफिसात आलो तर चिमाबाई माझ्या टेबलाशी खाली बसलेली. सात वर्षांत ती ऑफिसात कधी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"साहेब, सिमेंट टाकणार?"

"हो."

"मग तो कुठून पिईल?"

मी रागावलो. "उठा, कामाला लागा," म्हटलं. ती उठली.

शनिवारी बाराला "गेला!" झालं. मी वैतागून सर्व्हरच्या मागे घुसलो. एक हात लोखंडी कपाटावर टेकला आणि दुसऱ्या हाताने केबलचा पितळी सांधा धरला. दोन्ही हातांतून कोपरापर्यंत अशी झिणझिणी गेली की मी कपाटावरच आपटलो. काही क्षण मला खरंच वाटलं, धरलं. मग भिंतीला टेकून बसल्यावर डोकं चालायला लागलं. कपाट जमिनीला टेकलेलं, केबलची जाळी सर्व्हरच्या अंगाला जोडलेली. दोघांमध्ये वीज आहे. भुताला दोन हात कशाला लागतील? मी वाल्मिकला हाक मारली.

वाल्मिक आमचा वायरमन. सुकदेवच्याच गावचा, त्याच्याच हाताखाली शिकलेला. त्याने मीटरची एक टोची सर्व्हरच्या प्लगमध्ये अर्थच्या भोकात घातली, दुसरी न्यूट्रलला. मी काट्याकडे बघत होतो आणि तो माझ्याकडे.

"चौसष्ट व्होल्ट," तो म्हणाला. "दोन-तीनच्या वर जायला नको. साहेब, अर्थिंग मेलं."

मग त्याने समजावलं, आणि मी शाळकरी पोरासारखं ऐकलं. यंत्राच्या अंगात जी वीज झिरपते तिला जमिनीत जायला वाट लागते. म्हणून खड्डा करून कोळसा आणि मीठ भरतात आणि त्यात पाइप पुरतात. पण खड्डा ओला असेल तरच वाट चालू. सुकला की बंद. मग ती वीज यंत्रांच्या अंगातच साठते, केबलच्या जाळीतून कॉम्प्युटर-कॉम्प्युटर हिंडते आणि कार्डं जाळते. सकाळी भार कमी. दुपारी एसी आणि मागच्या शेडमधले सगळे पंखे एकदम चालू, तेव्हा जास्त.

"उन्हाळ्यात रोज दोन हंडे पाणी टाकावं लागतं," तो म्हणाला.

"मग तुम्ही टाकत का नव्हता?"

वाल्मिकने मीटर बंद केला. "चिमावयनी टाकत होती ना. सात वर्षं. एक दिवस खाडा नाही. मी कशाला टाकू? मंग दार लागलं. माझ्या ध्यानातच नाही आलं साहेब, की ते पाणी आपलं पण काम करतंय."

कॅन्टीनच्या पायरीवर बसून त्याने उरलेलं सांगितलं. सुकदेवने तो खड्डा स्वतः खणला होता, आणि त्याच बोळात वरच्या पॅनलवर काम करताना त्याला शॉक बसला. सत्त्याऐंशीचा मे. खाली पडला, पण शुद्धीत होता. चिमाबाई तेव्हा जवळच राहायची. सुकदेव बाराला जेवायला घरी जायचा. तो दारात आला की ती आधी डोक्यावर पदर घ्यायची आणि मग पाण्याचा तांब्या पुढे करायची. त्या दिवशी तो आला नाही, ओरडा ऐकू आला, तशी ती तांब्या हातात घेऊनच पळत आली. सुकदेव पाणी मागत होता. एकसारखा. ती तांब्या त्याच्या तोंडाला लावणार, तर लोकांनी तिचा हात धरला. शॉक लागलेल्याला पाणी पाजायचं नसतं, पाणी पाजलं की माणूस जातो, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात.

"हात कुणी धरला?" मी विचारलं.

"मीच," वाल्मिक म्हणाला. "तिने पाजलं नाही. जीपची वाट बघत अर्धा तास तो पाणी पाणी करत होता. मग कुणीतरी बोललं, गेला."

त्या बाईसमोर दीड महिना रोज बाराच्या ठोक्याला "गेला" ओरडलं गेलं होतं. माझ्या कागदामुळे.

वशीसाहेबांकडे जाऊन मी अर्थिंगचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि चिडत होते. "मग पाणी टाका ने! ना कोणे पाडी?"

"मीच नाही म्हटलं होतं, साहेब. कागद माझाच आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मिस्त्रीला नको सांगायला शिपाई पाठवला आणि पुन्हा फाइलीत तोंड घातलं. मला कुणीतरी झापायला हवं होतं. तेही झालं नाही.

चिमाबाई मागच्या खिडकीशी होती. मी चावी तिच्यासमोर धरली. तिने ती घेतली नाही, नुसती बघत राहिली. "चला," म्हटलं, "पाणी टाकू." तेव्हा ती जी पळाली, ती दोन्ही हंडे भरूनच परत आली. वाल्मिकने कॅन्टीनमधून जाड मिठाची अर्धी गोणी आणली आणि पाइपाभोवती मोकळी केली. "पाइपाला कुणी हात लावायचा नाही," त्याने बजावलं. "वयनी, वरून टाका, लांबून." आणि तो मीटर घेऊन आत सर्व्हरच्या खोलीत गेला. खिडकी उघडी ठेवली.

जी बाई पंख्याचं बटण झाडूच्या दांड्याने दाबायची, ती त्या पाइपापुढे वाकली आणि पाणी ओतायला लागली. गट गट गट. पहिला हंडा संपला. नरसाळं कोरडं. दुसरा. कोरडं. मी नळावरून भरून आणायला लागलो. तिसरा, चौथा, पाचवा. पाणी जात होतं आणि वर येत नव्हतं. मातीतून कोमट वाफ येत होती. सहाव्या हंड्याला ती बोलायला लागली. "किती रे," ती पाइपाला म्हणाली, "किती तहान लागली तुले!" आणि रडायला लागली. ओतणं मात्र थांबवलं नाही.

"पन्नास," वाल्मिक खिडकीतून ओरडला. मग, "अडतीस."

आठव्या हंड्याला ती दम खायला थांबली. डोळे पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "साहेब, तुम्ही शिकेल माणूस. एक विचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी मी पाणी पाजलं असतं, तर विकीचा बाप त्या पाण्याने मेला असता का?"

विकी तिचा मुलगा, मामाकडे वाढलेला. मी नीट विचार केला. निदान या एका गोष्टीत तरी तिला खरं मिळावं असं वाटलं. "त्यांच्या आत विजेने जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं, चिमाबाई. घोटभर पाण्याने ते गेले नसते. आणि पाणी पिऊन वाचलेही नसते. तुमच्या हातात काही नव्हतं."

मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. ती मान हलवत राहिली.

"वाचायचं नाही म्हणत मी," ती म्हणाली. "वाचणं माझ्या हातात नव्हतं. पाणी होतं."

मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. घामाने शर्ट चिकटला होता. आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही हे मला कळत होतं.

"चिमाबाई, हे दार वशीसाहेबांच्या मनात आलं म्हणून नाही लागलं. मी कागद लिहिला होता. तुमचं पाणी बंद करा म्हणून. मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढा वेळ मी आयुष्यात कुणाच्या नजरेसमोर उभा राहिलेलो नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी चाललं असतं. तिने भरलेला हंडा उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मंग आता तुम्ही टाका."

मी हंडा उचलला. मला हंडा उचलायची सवय नाही, निम्मं पाणी पायावर सांडलं. "हळू," ती म्हणाली. "धार मोडू नका. ठसका लागंल." मी धार सांभाळत ओतायला लागलो. गट गट आवाज यायला लागला. मी विज्ञानाचा पदवीधर, मला कोळसा, मीठ, ओलावा सगळं माहीत झालेलं, आणि तरी सांगतो, त्या आवाजात कुणीतरी पीत होतं. "घ्या, सुकदेवभाऊ," असं माझ्या तोंडून निघालं, ते मी म्हटलं असं मला आजही म्हणवत नाही.

"बावीस," आतून वाल्मिक. "चौदा. साहेब, थांबू नका. नऊ!"

अकराव्या हंड्याला नरसाळ्याच्या तळाशी पाणी दिसलं. चिमाबाईने हाताने खूण केली, सावकाश. पाणी काठाशी आलं आणि उभं राहिलं. त्यात उन्हाचा एक तुकडा हलत होता. आम्ही दोघं बघत राहिलो. ते पाणी खाली गेलं नाही.

"दोन!" वाल्मिक ओरडला. "दोनवर काटा!"

आत खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मग सुजाताचा आवाज आला, साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असा.

"आला! नंदकुमारसाहेब, आला!"

चिमाबाई ताठ झाली. तिने कमरेला खोचलेला पदर सोडला, झटकला आणि ओल्या हातांनी डोक्यावरून पुढे ओढून घेतला. मग रिकामा हंडा उचलून ती पाणी आणायला गेली.